म्हशीची डोण

डोण गळतेय हे वहिनींना पायांवरून कळलं. पाण्याचा टँकर गावाबाहेरच्या टाकीपाशी दिवसाआड यायचा आणि तिथून म्हशीसाठी रोज चार खेपा व्हायच्या. त्या आठवड्यात त्या सहा झाल्या. म्हैस तेवढीच होती, तिची तहानही तेवढीच. पाचव्या खेपेला वहिनींनी डोक्यावरची घागर उतरवली, डोणीखाली हात घातला आणि हात मनगटापर्यंत चिखलात गेला.

“अहो, ऐकताय का?” त्यांनी गोठ्यातून हाक मारली. “जरा हातातलं ठेवून या.”

नवऱ्याच्या हातात काही नव्हतं, हीच तर अडचण होती. तो गवंडी. पाण्याची टंचाई पडली तसा बांधकामं थांबवण्याचा हुकूम निघाला आणि दीड महिना झाला, तो घरी बसून होता. गावात त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन कायम त्याच्या खिशात असायचं. कुणाकडे बसायला गेला तर चहा येईपर्यंत तो त्यांची भिंत तपासून घ्यायचा आणि चहा पिता पिता ती किती कलली आहे ते सांगायचा. घरी बसल्यापासून त्यानं स्वतःच्या घरातली एकेक भिंत, चौकट, फळी तपासून काढली होती. कपाट बोटभर कललेलं निघालं. ते सरळ करायला त्यानं खाली पाचर मारली आणि तेव्हापासून कपाटाचं दार लागत नव्हतं.

“डोण गळतेय,” वहिनी म्हणाल्या. “गिलावा करा. गवंड्याची म्हैस चिखलात उभी, बरं दिसतं का ते?”

“बांधकामाला पाणी वापरायची बंदी आहे.”

“हे बांधकाम आहे का? डोण आहे ही.”

ओळंब्यानं विचार केला. “हुकुमात डोणीचं काही लिहिलेलं नाही,” तो म्हणाला.

“मग लागा कामाला.”

ती डोण म्हणजे पुरुषभर लांब, गुडघ्याएवढा उंच काळा दगड होता. एका टोकाला मोठा गोल खळगा, त्यात म्हैस पाणी प्यायची. बाकीचा दगड वरून सपाट होता, गिलावा केलेला. त्यावर वहिनी दुधाची चरवी ठेवायच्या आणि कोंबड्या बसायच्या. ओळंबा छिन्नी-हातोडी घेऊन आला तशी गोठ्याच्या दाराशी खाटेवर पडलेल्या आबांनी मान उचलली. आबा म्हणजे ओळंब्याचा बाप. हयातभर दगड फोडले, घडवले, आता गुडघे गेले होते.

“त्याला हात लावू नकोस,” आबा म्हणाले. “माझा गिलावा आहे तो.”

“तुमचाच गळतोय, आबा.”

“चाळीस वर्षं टिकलाय. तू मास्तरांचं कुंपण बांधलंस ते किती टिकलं?”

ओळंब्यानं हातोडीचा दांडा ठोकून घट्ट केला. मास्तरांच्या कुंपणाची भिंत दोन महिन्यांत पडली होती. मास्तरांच्या बकरीनं तिला अंग घासलं, तो दोष बकरीचा होता, असं त्याचं मत होतं. गावाचं तसं नव्हतं.

जुना गिलावा काढल्याशिवाय नवा धरत नाही, म्हणून त्यानं कडेपासून सुरुवात केली. दुसऱ्याच घावाला हाताएवढं ढलपं निघालं आणि खाली दगडाऐवजी चुना आणि विटांचे तुकडे दिसले. ते उकरले तर खाली खळगा. पहिल्यासारखाच गोल, पण लहान. त्याच्या शेजारी आणखी लहान. अगदी टोकाला चौथा, लोट्याएवढा. चौघांच्याही तळाला एकेक भोक होतं, ते दगडाच्या पुढच्या अंगाला बाहेर निघत होतं. दुपारपर्यंत पुढचं अंगही मोकळं झालं आणि त्यावर अक्षरांची एक ओळ दिसली. एका बाजूचा कोपरा तुटलेला होता, ओळही तिथेच तुटली होती.

“आबा, हे खळगे तुम्ही बुजवलेत?”

“मग काय करू? म्हशीची जीभ आत जात नव्हती. पेंड अडकून कुजायची.”

“आणि ही अक्षरं?”

“अक्षरं म्हशीला काय करायची आहेत?” असं म्हणून आबांनी कूस बदलली.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी दूध घालताना ही गोष्ट मास्तरांच्या कानावर घातली. मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावाचा इतिहास लिहीत होते. अकरा वर्षं झाली होती आणि ते तिसऱ्या पानावर अडले होते, कारण गावात काही घडलंच नव्हतं. लढाई रस्ता चुकूनसुद्धा इकडे फिरकली नव्हती. दगडाचं ऐकलं तसे ते दूध तापवायचं सोडून एका पायात चप्पल, एका पायात बूट घालून गोठ्यात हजर झाले.

त्यांनी दगडाभोवती तीन फेऱ्या मारल्या. भोकांत बोट घालून पाहिलं. मग खिशातून खडू काढून अक्षरं गिरवायला लागले. जिथे अक्षर झिजलं होतं तिथे खडू त्यांना हवा तसा वळत होता.

“रक्त,” अखेर ते म्हणाले. “इथे स्पष्ट लिहिलंय, रक्त. हा बळी देण्याचा दगड आहे. खळग्यात रक्त साठायचं, या भोकांतून वाहायचं.”

“चार खळगे कशाला?” वहिनींनी विचारलं.

“लहानमोठ्या बळींसाठी,” मास्तर म्हणाले. ओळंब्यानं सगळ्यात लहान खळग्याकडे बघितलं आणि त्यात कुणाचा बळी मावेल याचा तो विचार करत राहिला.

संध्याकाळपर्यंत निम्मं गाव गोठ्यात येऊन गेलं. आलेल्याला पाणी विचारावं लागतं, आणि भीतीनं लोकांना तहान जास्त लागते. वहिनींच्या खेपा सहाच्या नऊ झाल्या. म्हशीला कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या टबात पाणी ठेवलं तर तिनं दोनदा लाथ मारून टब पालथा केला. शिंपी म्हणाला, आपल्याला त्या दगडाजवळ उभं राहिलं की पोटात कालवतं. आबा खाटेवरून म्हणाले, चाळीस वर्षं म्हैस तिथेच उभी आहे, तिचं पोट ठीक आहे.

दुकानदार सगळ्यात शेवटी आला. गावात धान्याचं दुकान एकच, त्यामुळे कुठेही उशिरा जायला त्याला जमत असे. त्यानं दगड पाहिला, मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “लांबलांबून लोक येतील हे बघायला. बसमधून येतील. त्यांना बसायला सावली लागेल, थंड काहीतरी प्यायला लागेल.” दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात समितीची बैठक झाली आणि तो अध्यक्ष झाला. मास्तर चिटणीस झाले. दगड ज्यांच्या गोठ्यात होता त्यांना सतरंज्या अंथरायला बोलावलं होतं.

मास्तरांनी जुन्या वस्तूंच्या सरकारी खात्याला सात पानी पत्र पाठवलं. त्याला उत्तर यायच्या आतच वहिनींनी दगड ओळखला.

झालं असं, की म्हशीचं खाद्य मिसळायला त्यांना जागा उरली नव्हती. त्यांनी सगळ्यात लहान खळग्याचं भोक चिंधीनं बुजवलं, आत दाणे भरले आणि सवयीनं हाताच्या कडेनं वरून सपाट केले. मग चिंधी ओढली. दाणे सरसर पुढच्या भोकातून खाली ठेवलेल्या टोपलीत पडले. एक दाणा इकडेतिकडे गेला नाही. वहिनी टोपलीकडे बघत राहिल्या. वीस वर्षं त्या दूध मोजत होत्या. मोजण्यासाठी केलेली वस्तू आणि बाकीच्या वस्तू त्यांना हातालाच वेगळ्या कळायच्या.

त्यांनी लहान खळगा चार वेळा भरला आणि दुसऱ्यात ओतला. दुसरा काठोकाठ भरला. दुसऱ्यानं चारदा तिसरा भरला. मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

ओळंब्याचा दाण्यांवर विश्वास नव्हता. त्यानं बारीक वाळू चाळून आणली, पट्टी घेतली आणि सगळं पुन्हा केलं. तिसऱ्यानं चारदा मोठा खळगा भरला. त्यानं काठावर पट्टी फिरवली. पट्टीखाली बोटभरही पोकळी राहिली नाही, बोटभरही वाळू सांडली नाही. तो उकिडवा बसला आणि त्यानं काठावरून बोट फिरवलं.

“ज्यानं कोरलंय त्याला काम येत होतं,” तो म्हणाला. जिवंत माणसांपैकी कुणाबद्दल त्यानं असं म्हटल्याचं वहिनींना आठवत नव्हतं.

त्या दूध घालायला गेल्या तेव्हा मास्तरांना म्हणाल्या, “मास्तर, ते माप आहे. धान्याचं.”

मास्तरांचा चेहरा पडला. “वहिनी,” ते म्हणाले, “इतिहास असा दुधासारखा मापून होत नाही.”

“पण चारदा घातलं की बरोबर भरतं. तुम्ही या, दाखवते.”

“अकरा वर्षांनी या गावात काहीतरी घडलं होतं,” मास्तर पातेलं घेऊन वळता वळता म्हणाले, “आणि तुम्ही म्हणताय, बाजार भरत होता.”

वहिनींना वाईट वाटलं. त्या विषय सोडून गेल्या. पण त्या दिवसापासून मास्तर दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवून आत निघून जायचे, समोर यायचे नाहीत.

आठ दिवसांनी खात्यातून एक बाई आल्या. तरणी पोर, उन्हानं नाक सोललेलं, पाठीवर पिशवी आणि पिशवीत लहानमोठे ब्रश. सगळे त्यांना मॅडम म्हणायला लागले. मॅडमनी मास्तरांचं तासभर ऐकून घेतलं. रक्त, बळी, भोकं, सगळं. दुकानदारानं सावली कुठे करायची ते दाखवलं. मग मॅडमनी विचारलं, “या दगडापाशी रोज काम कोण करतं?”

वहिनी म्हशीखाली बसल्या होत्या. तशाच, हाताला फेस लागलेला, त्या पुढे आल्या. त्यांनी दाणे घेतले आणि करून दाखवलं. लहान खळगा, हाताची कड, चिंधी, टोपली. चौथ्यांदा ओतल्यावर दुसरा खळगा भरला तेव्हा मॅडम शेणामातीत बसल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा करा.”

वहिनींनी पुन्हा केलं.

“हा बाजाराचा दगड आहे,” मॅडम म्हणाल्या. “प्रत्येक व्यापाऱ्याचं माप यावर तपासायचे. असे फार थोडे उरलेत.” मग त्या पोटावर आडव्या झाल्या आणि ब्रशनं खडू झटकून अक्षरं वाचायला लागल्या. “मास्तर, हे रक्त नाही. हे ‘कमी’ आहे. कमी देणाऱ्याच्या…”

“देणाऱ्याच्या काय?” दुकानदारानं विचारलं.

“पुढे तुटलंय.”

एकेकाची नजर दुकानदाराकडे गेली आणि परत आली. बसमधून येणाऱ्या लोकांचं त्यानंतर त्यानं नाव काढलं नाही.

मॅडमनी जाताना स्पष्ट सांगितलं. दगड पूर्वी होता तसा बाजाराच्या मैदानात बसवायचा. गाव महिनाभरात नीट दुरुस्त करून बसवणार असेल तर ठीक, नाहीतर खात्याचा ट्रक येईल आणि दगड शहरातल्या संग्रहालयात जाईल. म्हशीला डोण खात्याकडून मिळेल.

“मी करतो दुरुस्त,” ओळंबा म्हणाला. “दोन पोती सिमेंट द्या.”

“सिमेंटचा एक कणसुद्धा नको,” मॅडम म्हणाल्या. “चुना. आणि जुना थर हातोडीनं काढायचा नाही.” त्यांनी पिशवीतून दात घासायचे सहा ब्रश काढून त्याच्या हातात दिले.

अशा रीतीनं ओळंब्याला दोन महिन्यांनंतर काम मिळालं. सकाळी उजाडलं की तो दगडापाशी मांडी घालून बसायचा, लाकडी पाचरेनं चुन्याचं एकेक ढलपं सुटं करायचा आणि ब्रशनं घासायचा. पंचवीस वर्षं पाट्या उचललेल्या त्या हातांत तो ब्रश काडीसारखा दिसायचा. पाठ धरायची, बोटांची पेरं सोलवटायची, नाकात पांढरी धूळ जायची. रस्त्यानं जाणारे त्याच्या जोडीचे गवंडी आत डोकावून विचारायचे, “काय रे, दगडाला दात आलेत का?” पहिले दोन दिवस त्यानं मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “आलेत. चावेल, लांब राहा.” मग त्यांनी विचारायचं सोडलं.

चुना कसा भिजवायचा ते त्याला येत नव्हतं. तो सिमेंटचा माणूस. आबांना येत होतं, आणि येतं हे ते विसरू देत नव्हते. त्यांची खाट गोठ्याच्या मध्यभागी आणून ठेवावी लागली.

“चुना आधी चाळ.”

“चाळला.”

“परत चाळ. आता विटकरीची पूड. इतकी नाही. तू काय भिंत बांधतोयस? आणि पाणी हळू. चुना चिडतो.”

“माणसासारखाच आहे म्हणजे.”

“माणसापेक्षा बरा. भिजवला की ऐकतो.”

पण भिजवायला पाणी कुठून आणायचं? मॅडमनी परवानगीचा कागद दिला होता, पाणी दिलं नव्हतं. वहिनींनी दूध घालता घालता दारोदार सांगितलं, की रोज घरटी एक तांब्या. वाटलं होतं लोक तोंड वाकडं करतील. पण संध्याकाळी गोठ्यासमोर तांबे घेऊन रांग लागली. लोकांना त्या तुटक्या वाक्यानं वेड लावलं होतं. ज्याला त्याला ते पुरं करायचं होतं. न्हावी तांब्या रिकामा करत म्हणाला, “कमी देणाऱ्याच्या नाकाचा शेंडा उडवावा, असंच असणार.” शिंप्याचं म्हणणं होतं, नाक नाही, बोटं, कारण गुन्हा बोटांचा. एका म्हातारीनं इतकं लांबलचक आणि तपशीलवार काही सांगितलं की मास्तरांनी तिला हात जोडून थांबवलं. मास्तर आता रोज येऊ लागले होते. सुरुवातीला तांब्या ठेवून मुकाट्यानं परत जायचे. मग एक दिवस त्यांनी बाजूला पडलेला एक ब्रश उचलला आणि ओळंब्याच्या शेजारी बसून अक्षरांच्या खाचा साफ करायला लागले. वहिनींनी त्यांच्यासमोर चहा ठेवला.

दुकानदारानं अध्यक्ष या नात्यानं एक सूचना मांडली. “तुटका कोपरा नवा बसवू,” तो म्हणाला. “अर्धं वाक्य बरं दिसत नाही. त्यावर कोरू, ‘कमी देणाऱ्याच्या हातून चूक झाली असेल.’”

“नसलेलं कोरायचं नाही,” ओळंबा ब्रश न थांबवता म्हणाला. “मॅडमनी बजावलंय.”

“मग कोपऱ्याचं काय करणार?”

“कोरा ठेवणार.”

“कोरा कशाला?” आबा खाटेवरून म्हणाले. “खरा आहे की. याच्या दुकानाची पायरी आहे ती.”

गोठ्यात ब्रशचा आवाज थांबला.

“बाजारात फरशी घातली तेव्हा हा दगड फेकून द्यायला सांगितला होता मला,” आबा सांगू लागले. “एवढा घडीव दगड फेकायचा कसा? ओंडक्यांवरून घरी आणला. वाटेत घसरला आणि कोपरा तुटला. तेव्हा याच्या बापाचं दुकान बांधत होतो. पायरीला दगड कमी पडत होता, दिला लावून. अक्षरं खाली केली. पाय घसरतो अक्षरांवर.”

“आबा,” वहिनी म्हणाल्या, “इतके दिवस का नाही सांगितलंत?”

“कुणी विचारलं, सूनबाई?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळंबा पहार घेऊन दुकानासमोर उभा राहिला, मागे तांबेवाली रांग. दुकानदार पायरीवरच उभा होता.

“पायरी काढली तर गिऱ्हाईक आत कसं येणार?” त्यानं विचारलं.

“उडी मारून येतील,” वहिनी म्हणाल्या. “सगळ्यांना तुमच्याकडेच यायचंय.”

“पावसाळ्यानंतर बघू. तोवर समितीची एक बैठक घेऊ.”

आतून त्याची बायको बाहेर आली. ती मितभाषी बाई होती. गेले पंधरा दिवस टाकीवर, रस्त्यात, दारात ती लोकांना ते वाक्य पुरं करताना ऐकत होती, आणि ती जवळ आली की लोक गप्प होत होते. “काढू द्या त्यांना,” ती म्हणाली. “एकदा काय ते कळू दे. रोज नवीन ऐकायचा मला कंटाळा आलाय.”

दुकानदार खाली उतरला.

पायरी सुटायला दुपार झाली. आबांचं काम होतं ते, सहजी सोडणार नव्हतं. ओळंब्याचा सदरा पाठीला चिकटला, तळहाताला फोड आला, फुटला. शेवटी पहारेखाली दगड कुरकुरला, चौघांनी धरून तो उलटा केला. खाली मुंग्या, ओली माती आणि मातीत भरलेली अक्षरं.

मास्तर पुढे झाले. खडू त्यांच्या खिशात होता, पण त्यांनी तो काढला नाही. स्वतःच्या बाटलीतलं पिण्याचं पाणी थोडं ओतलं, ब्रशनं एकेक खाच साफ केली, दोनदा मनात वाचलं आणि मग मोठ्यानं वाचलं.

“…घरच्यांना त्याच मापानं वाढावं.”

सगळे पुढे वाकले. आणखी काही असेल असं वाटलं होतं. “नाकाचं नाहीच का काही?” न्हाव्यानं विचारलं. मास्तरांनी मान हलवली. “कमी देणाऱ्याच्या घरच्यांना त्याच मापानं वाढावं. इतकंच आहे. पूर्ण आहे.”

लोकांची जरा निराशा झाली. पण दुकानदाराची बायको दगडाकडे बघत तशीच उभी होती. मग ती वळली, पायरी नसलेल्या दारातून पदर सावरत वर चढली, गल्ल्याशेजारचं पितळी माप उचललं आणि स्वयंपाकघरात घेऊन गेली.

आत काय झालं ते कुणी पाहिलं नाही. दुकानदार मात्र दांडगा जेवणारा होता, आणि तिसऱ्या दिवशी तो न्हाव्याच्या दुकानात केळी खाताना दिसला. चौथ्या दिवशी दुकानात नवं माप आलं. जुनं झिजलं होतं, असं त्यानं आल्यागेल्याला सांगितलं.

“झिजलं तर आतून मोठं व्हायला हवं,” ओळंबा घरी येऊन म्हणाला. “लहान कसं होईल?”

“तुम्ही गप्प बसा,” वहिनी म्हणाल्या. “नवं आलंय ना?”

महिना संपायला दोन दिवस उरले असताना दगड बाजारात गेला. वीस माणसं, बारा ओंडके, चार पहारी. गोठ्यापासून मैदानापर्यंत जायला अख्खी सकाळ लागली, कारण ओळंबा दर दहा पावलांना सगळ्यांना थांबवून दगडाखाली वाकून बघत होता. कोपरा चुन्यानं सांधला होता आणि सांध्यावरून आबांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं होतं. “ठीक आहे,” ते म्हणाले होते. ओळंब्यानं हे ‘ठीक आहे’ त्या दिवशी तिघाचौघांना सांगितलं. चौथऱ्यावर दगड बसला. पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध थांबला, आणि बकरीची गोष्ट माहीत असलेल्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या.

मॅडम आल्या होत्या. मास्तर बोलायला उभे राहिले. गावात एके काळी बाजार भरत होता आणि तो खरा भरत होता, असं त्यांनी सांगितलं. एवढ्यावर आपली चाळीस पानं लिहून झाली आहेत असंही सांगितलं, तेव्हा काही लोक हळूच मागे सरकले. मग दुकानदारानं नवं माप सगळ्यांसमोर धान्यानं भरून लहान खळग्यात ओतलं. काठोकाठ भरलं. त्यानं खिशातून रुमाल काढून मान पुसली.

“आता दुधाचं बघू या,” त्याची बायको शांतपणे म्हणाली. आवाजात खोच नव्हती. एकाचं बघितलं, दुसऱ्याचं बघायचं, इतकंच.

“बघा की,” वहिनी म्हणाल्या आणि घरून त्याच आकाराचं आपलं माप आणि सूपभर दाणे घेऊन आल्या. दाणे भरले, हाताच्या कडेनं सपाट केले, खळग्यात ओतले.

खळगा भरला नाही. काठाखाली बोटभर जागा राहिली.

वहिनींना वाटलं सांडले असतील. त्यांनी चौथऱ्याभोवती बघितलं. एकही दाणा नव्हता. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. तेवढंच बोट. त्यांनी माप उलटं केलं. बुडाला पोचा होता, मुठीएवढा, आत गेलेला. माप रोज त्यांच्या हातात असायचं, पण बुडाकडून कोण बघतं?

“म्हशीचा पाय पडला असेल,” ओळंबा म्हणाला.

“कधी?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“मला माहीत नाही,” वहिनी म्हणाल्या.

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच त्यांचे कान तापले. याच लोकांच्या दारात त्या रोज सकाळी उभ्या राहत होत्या, आणि याच लोकांनी तांब्यातांब्यानं पाणी दिलं होतं. त्यांना म्हशीपाशी जाऊन उभं राहावंसं वाटलं. दुकानदार हसेल असं त्यांना वाटलं, पण तो हसला नाही. तो आपल्या बुटांकडे बघत होता. त्याची बायको जवळ येऊन उभी राहिली आणि तिनं वहिनींच्या हातातलं सूप आपल्याकडे घेतलं.

“हातोडी आणा,” वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. “इथेच ठोका. सगळ्यांसमोर.”

ओळंब्यानं लाकडी हातोडी आणली, माप चौथऱ्याच्या कडेवर आडवं धरलं आणि बूड आतून ठोकायला लागला. दहा घाव घालायचे, दाणे ओतून बघायचं. बोटाचं अर्धं बोट झालं. पुन्हा दहा घाव. अर्ध्याचं नखभर झालं.

“हलक्या हातानं,” आबा म्हणाले. त्यांची खाटही मैदानात आणली होती.

“हलक्याच हातानं मारतोय.”

“तुझा हलका हात मला माहीत आहे.”

ओळंब्यानं शेवटचा घाव घातला. वहिनींनी दाणे भरले, सपाट केले, ओतले. खळगा काठोकाठ भरला आणि वर मूठभर दाणे उरले. बुडाचा पोचा आता बाहेरच्या अंगाला आला होता.

“जास्त गेलं,” ओळंबा म्हणाला. त्याचा चेहरा कुंपण पडलं त्या दिवशीसारखा झाला. “थांब, परत आत घेतो.”

“राहू द्या,” वहिनी म्हणाल्या.

“पण ते बरोबर नाही आता. मॅडम, सांगा ना हिला.”

वहिनींनी माप पदरानं पुसलं आणि काखेत धरून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या चरवी घेऊन निघाल्या. वरच्या आळीपासून सुरुवात केली. प्रत्येक पातेल्यात दूध नेहमीपेक्षा वर चढत होतं. बायका पातेल्याकडे बघत होत्या, वहिनींकडे बघत होत्या आणि आत जात होत्या. शेवटच्या, शिंप्याच्या घरापर्यंत सगळ्यांना पुरलं. चरवी घेऊन त्या घरी आल्या तेव्हा तळाला नुसता फेस होता.

त्यांनी चहा केला आणि आबांना नेऊन दिला. आबांनी कपात पाहिलं.

“दूध?”

“नाही उरलं.”

“किती दिवस असा प्यायचा?”

“जितके दिवस लोकांना कमी गेलं तितके.”

“म्हणजे किती?”

“ते माहीत नाही ना, आबा.”

आबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, कपाकडे पुन्हा पाहिलं आणि तो सुनेपुढे धरला.

“मग साखर तरी तुझ्या त्या वाढीव मापानं घाल,” ते म्हणाले.